रोजचं छोटं मनन कसं लिहायचं आणि त्याच दिवशी ते जगायचं कसं

सलाम सगळ्यांना. रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात बोलत उभं राहिलं की एक प्रश्न हमखास ऐकू येतो, की आम्ही रोज बायबल वाचतो, प्रार्थना पण करतो, पण सकाळी गाडी काढून नाशिकच्या द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की वाचलेलं सगळं कुठे जातं तेच समजत नाही, मग विश्वासाने जगायचं, प्रीतीने वागायचं म्हणजे रोजच्या रोज करायचं तरी काय. प्रश्न अगदी खरा आहे. मला यावर सगळ्यात उपयोगी पडलेली सवय म्हणजे वाचलेल्या वचनावर रोज एक छोटं मनन लिहायचं, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत, वहीच्या अर्ध्या पानात मावेल एवढं. ते कसं लिहायचं ते इथे सविस्तर सांगतो.

आधी माझं म्हणणं स्पष्ट सांगून टाकतो. मननाच्या शेवटी एका माणसाचं नाव पाहिजे. खरंखुरं नाव, ज्याच्याशी आज तुमचा संबंध येणार आहे असं, आणि त्याच्यासाठी आज झोपायच्या आत करता येईल असं एक काम. "आपण सर्वांवर प्रीती करूया" असं लिहिलं की वाचायला छान वाटतं पण त्यात कोणीच येत नाही, ना शेजारचे काका, ना ऑफिसातला तो माणूस ज्याचा फोन आला की आपण मुद्दाम उचलत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात ३:१७-१८ मध्ये हेच आहे, भावाला गरज आहे हे डोळ्यांनी बघून मन घट्ट करून घेतलं तर देवाची प्रीती आपल्यात राहते असं म्हणायचं कसं, प्रीती बोलण्यात नको, कृतीत हवी. म्हणून नाव आणि काम या दोन गोष्टी नसतील तर बाकी कितीही सुंदर लिहिलं तरी ते मनन अजून पूर्ण झालेलं नाही असं धरायचं.

वेळेचं बघू. सगळ्यांना वाटतं मनन म्हणजे पहाटे चारला उठायचं. येशू पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला गेला हे मार्क १:३५ मध्ये आहे आणि ज्याला जमतं त्याने ते जरूर करावं, पण निकदेम येशूकडे रात्री आला होता आणि त्या रात्रीच्या बोलण्यातूनच योहानाचा तिसरा अध्याय आपल्याला मिळाला. सातपूर-अंबडला फर्स्ट शिफ्टला जाणाऱ्याला पहाटेची वेळ मिळणार नाही, त्याने रात्री दुसऱ्या दिवशीचं वचन वाचून ठेवावं. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला अपडाऊन करणाऱ्याला तर गाडीत भरपूर वेळ असतो, फक्त मोबाईल बॅगेत ठेवावा लागतो. घरच्या बायकांना डबे भरून झाल्यावर, मुलं शाळेत गेल्यावर जी वीस मिनिटं मिळतात ती चांगली. वेळ कोणतीही घ्या पण रोज तीच ठेवा, कारण वेळ बदलत राहिली की पहिल्या आठवड्यातच सुटतं. वाचायला पाच मिनिटं, लिहायला पंधरा, त्याच्यापेक्षा जास्त ओढू नका.

आता वचन कोणतं घ्यायचं. इथे खूप जण गडबड करतात, कोणी डोळे मिटून बायबल उघडतात आणि बोट पडेल ते घेतात, कोणी व्हॉट्सअॅपवर आलेलं फुलांच्या चित्राचं वचन घेतात. असं केल्याने नेहमी आपल्याला आवडणारंच समोर येतं आणि ज्या वचनाने आपल्याला हलवायला पाहिजे ते कधी येतच नाही. म्हणून एक छोटं पुस्तक घ्या आणि क्रमाने पुढे जा. नवीन माणसाला मी याकोबाचं पत्र सुचवतो. ५ अध्याय आहेत, १०८ वचनं, रोज चार धरली तरी २७ दिवसांत संपतं म्हणजे महिन्याच्या आत. आणि याकोब फार वेळ घेत नाही, थेट मुद्द्यावर येतो, जीभ कशी वापरता, सोन्याची अंगठी घातलेला आला की त्याला पुढची खुर्ची आणि मळक्या कपड्यातल्याला मागे का, ज्यांनी तुमच्या शेतात कापणी केली त्यांची मजुरी का अडवली. हे सगळं आपल्या घरातलं आणि मंडळीतलंच आहे. त्यानंतर योहानाचं पहिलं पत्र, ते पण ५ अध्यायांचं. मग रूथ, मग मार्क. फिलेमोनाचं पत्र तर अवघं २५ वचनांचं आहे, एका आठवड्यात होतं, आणि पळून गेलेल्या गुलामाला आता भाऊ म्हणून घरात घे असं सांगणारं ते पत्र नोकर-मालक नात्यावर मनन करायला फार चांगलं.

कॅथलिक असाल तर मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, रोजची वाचनं ठरलेलीच असतात, त्यातलं शुभवर्तमान घ्या म्हणजे निवडायचा प्रश्नच नाही. रोजचं वचन ठरवून सगळ्यांनी मिळून त्यावर दिवस काढायचा ही पद्धत जुनी आहे, जर्मनीतल्या हेर्नहुटच्या मोरावियन मंडळीने १७३१ पासून वर्षभराची वचनं छापायला सुरुवात केली आणि ते आजही चालू आहे. बायबलची प्रत घरात जी असेल ती चालेल, जुनी मराठी अडली तर सोप्या मराठीतलं भाषांतर शेजारी ठेवा.

वाचताना मोठ्याने वाचा, दोनदा. मोठ्याने वाचलं की डोळे पुढे पळत नाहीत. मग वहीत तीन गोष्टींची उत्तरं एकेका ओळीत लिहा, कोण बोलतंय, कोणाला बोलतंय, आणि त्या वेळी तिथे लोकांचं नक्की काय बिनसलं होतं. तिसरं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय घ्या, प्रीती सहनशील आहे वगैरे. आपण तो लग्नात वाचतो, पत्रिकेवर छापतो. पण पौलाने तो लिहिला तो भांडणाऱ्या मंडळीला. पहिल्या अध्यायात त्यांच्यात गट पडलेत, मी याचा मी त्याचा. सहाव्यात ते एकमेकांना कोर्टात खेचतायत. अकराव्यात प्रभूभोजनाला एकत्र येतात तिथेही कोणी पोटभर खाऊन-पिऊन धुंद आणि कोणी उपाशी. हे सगळं डोक्यात ठेवून मग तेरावा अध्याय वाचा. सहनशील म्हणजे कोणाशी, तर चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या मीटिंगमध्ये जो आपल्या प्रत्येक मुद्द्याला विरोध करतो त्याच्याशी. हेवा करत नाही म्हणजे कोणाचा, तर ज्याच्या मुलीला फॉरेनला अॅडमिशन मिळाली त्याचा. बघा, लगेच नावं यायला लागतात. पार्श्वभूमी कळली की नाव सापडतं, हे मला इतक्या वेळा दिसलंय की मी आता यावर फारच जोर देतो.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट पण अशीच वाचायची, लूक १०, लुटारूंनी मारून रस्त्यात टाकलेल्या माणसासाठी शोमरोनचा एक परका थांबतो ती. ती आपल्याला पाठ आहे म्हणूनच ती नीट वाचली जात नाही. यरुशलेम ते यरीहो साधारण २७ किलोमीटर, म्हणजे आपल्या नाशिक-त्र्यंबक एवढंच अंतर, पण तेवढ्यात रस्ता हजारेक मीटर खाली उतरतो, कसारा घाटाहून कितीतरी मोठा उतार, ओसाड डोंगर, लुटारूंना लपायला जागाच जागा. अशा ठिकाणी थांबणं म्हणजे स्वतःचा जीव धोक्यात. आता त्या शोमरोन्याने काय काय केलं ते एकेक करून वहीत उतरवा. जवळ गेला. तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या. स्वतःच्या जनावरावर बसवलं म्हणजे स्वतः पायी चालला. उतारशाळेत नेऊन रात्रभर काळजी घेतली. सकाळी दोन दीनार दिले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी. आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला, म्हणजे परत येणार हे पण ठरवलं. यात एकही काम असं नाही जे आपल्याला येत नाही.

मग आज यातलं कोणतं एक? आपल्याकडे सिव्हिल हॉस्पिटलला कधीही जा, सुरगाणा, पेठकडून आलेली माणसं असतात, पेशंट आत आणि नातेवाईक बाहेर पिशवी घेऊन बसलेले, केसपेपर कुठे काढायचा, सोनोग्राफी कुठल्या मजल्यावर, काही माहीत नसतं आणि विचारायला भीती वाटते. तुम्ही तिथे स्वतःच्या कामाला गेला असाल तर एका माणसाला घेऊन त्या खिडकीपर्यंत चालत जा आणि त्याचं काम होईपर्यंत थांबा. "तिकडे जा" असं हात दाखवून सांगणं वेगळं आणि सोबत जाणं वेगळं. नाव माहीत नसेल तर विचारा, आणि रात्री ते वहीत लिहा.

आता एक पूर्ण नमुना देतो म्हणजे लांबी आणि चाल लक्षात येईल. हा द्राक्षाच्या सीझनमधला आहे.

"लेवीय १९:९-१०. कापणी करताना शेताच्या कडा शेवटपर्यंत कापू नका, द्राक्षमळा पार ओरबाडून घेऊ नका, खाली पडलेली द्राक्षं गोळा करू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. हे इस्राएली शेतकऱ्यांना सांगितलंय. मालकाने सगळं घरी न्यावं आणि मग दारात बोलावून वाटावं असं देव म्हणत नाही. कड तशीच उभी राहू दे, गरीब येईल आणि स्वतःच्या हाताने काढून घेईल, त्याला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. रूथ अशीच बवाजाच्या शेतात सरवा वेचत होती आणि बवाजाने तर गड्यांना सांगितलं की पेंढ्यांतून मुद्दाम थोडं काढून तिच्यासाठी टाका. सध्या पिंपळगाव, दिंडोरीकडे काढणी चालू आहे, क्रेट भरून गाड्या चालल्यात. माझा मळा नाही. पण माझ्या पैशाला पण कड आहे आणि ती मी रोज पूर्ण कापतो, दहा रुपयांच्या मेथीच्या जुडीसाठी दोन रुपये कमी करून घेतो आणि पिझ्झाचं बिल मात्र न बघता भरतो. प्रभू, माझी कड कुठे आहे ते मला दाखव. आज: कोपऱ्यावरच्या मावशींकडून भाजी घेताना भाव करणार नाही, सुट्टे पैसे परत मागणार नाही, आणि त्यांचं नाव विचारीन."

एवढंच. वचनात काय आहे ते दोन-तीन ओळी, त्या काळची परिस्थिती एक-दोन ओळी, आपल्या आजच्या दिवसातलं काही, एका वाक्याची प्रार्थना, आणि आज. यात उपदेश नाही हे लक्षात घ्या. "आपण सगळे कसे स्वार्थी झालोय" असं वाक्य आलं की ते खोडा आणि "मी" घालून परत लिहा, लगेच खरं व्हायला लागतं.

आपण नाशिकचे लोक याबाबतीत नशीबवान आहोत असं मला मनापासून वाटतं, कारण येशूच्या किती दाखल्यांत द्राक्षमळा आहे आणि आपल्या चहूबाजूंनी द्राक्षमळेच आहेत. योहान १५ मध्ये बाप म्हणजे देव फळ देणाऱ्या फाट्याची छाटणी करतो असं आहे, हे ज्याने एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी बघितलीय त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही, छाटलेली बाग बघून नवख्याला वाटतं संपलं सगळं, शेतकऱ्याला माहीत असतं की आता फुटवे येणार. आणि मत्तय २० मधला मळ्याचा मालक, जो पहाटे, नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला जाऊन मजूर घेऊन येतो आणि सगळ्यांना एकच दीनार देतो. हे वाचायच्या आधी कधीतरी सकाळी गिरणाऱ्याला जाऊन या. तिथे मजुरांचा बाजार भरतो, पेठ-हरसूलकडची आदिवासी माणसं डबा घेऊन उभी असतात, मळेवाले येऊन घेऊन जातात, आणि ज्याला कोणी नेत नाही त्याचा तो दिवस बुडतो. दाखल्यातल्या पाच वाजताच्या माणसांना मालक विचारतो की दिवसभर इथे रिकामे का उभे, आणि ते म्हणतात आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. ते आळशी नव्हते. त्यांच्याही घरी पोरं होती आणि पोरांना संध्याकाळी एका दीनाराचीच भाकरी लागत होती. असं वाचलं की मालक अन्याय करतोय ही तक्रार आपोआप गळून जाते. आणि मग आजचं काम सापडतं, घरकामाच्या ताई चार दिवस आजारी होत्या म्हणून पगार कापायचा विचार चालू होता, तो पूर्ण द्यायचा आणि तब्येत कशी आहे ते पण विचारायचं.

काम कसं निवडायचं यावर थोडं थांबतो कारण इथेच मनन घसरतं. "आजपासून मी रागावणार नाही" हे काम नाही, तो संकल्प आहे, आणि तो साडेअकरापर्यंत मोडतो. "आज दुपारी आईचा फोन आला की तिचं बोलणं मध्ये न तोडता पूर्ण ऐकीन" हे काम आहे, झालं की नाही ते रात्री सांगता येतं. काम आजच्या आज होणारं पाहिजे, तुमच्या हातातलं पाहिजे, आणि समोरच्याला खरंच हवं असलेलं पाहिजे, यासाठी कधी कधी आधी विचारावं लागतं. आजारी माणसाच्या घरी आपण फळं घेऊन जातो आणि तासभर बसतो, त्यांना कदाचित तेवढ्या वेळात कोणीतरी गॅस सिलेंडरचं बघितलं असतं किंवा पोरांना ट्यूशनला सोडलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं. याकोब २:१५-१६ मध्ये हेच आहे ना, उघड्या आणि उपाशी भावाला सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा असं नुसतं म्हणून काय उपयोग.

अवघड नात्यांच्या बाबतीत काम अजून छोटं करा. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे ऐकणारे गालीलातले होते आणि वेदी होती यरुशलेमला, पायी तीन-चार दिवसांची वाट. एवढ्या लांब आलेला माणूस अर्पण तिथेच सोडून परत घरी जाणार आणि पुन्हा येणार, म्हणजे येशूला समेटाची केवढी किंमत वाटत होती बघा. आता आपल्याकडे भावाभावांत शेताची वाटणी, सातबाऱ्यावरचं नाव, आईच्या दागिन्यांचं कोणी काय नेलं, यावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद असतं आणि दोघंही त्याच चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसतात. हे एका दिवसात सुटणार नाही आणि तसं कोणी मागत पण नाही. आजचं काम एवढंच, की फोन लावायचा आणि गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते विचारायचं, जमिनीचा विषय काढायचाच नाही. त्याने फोन उचलला नाही तर वहीत तसं लिहायचं. रोम १२:१८ म्हणतं तुमच्याकडून होईल तेवढं सगळ्यांशी शांतीने राहा, समोरच्याकडून काय होईल याचा हिशोब तुमच्याकडे नाही.

पण इथे एक गोष्ट फार गंभीरपणे सांगायची आहे. प्रीती सर्व काही सहन करते हे वचन घेऊन मार खाणाऱ्या बाईला परत त्याच घरात पाठवणं हे पाप आहे, दुसरा शब्द नाही. करिंथकरांसच्या त्याच तेराव्या अध्यायात एक वचन आधी लिहिलंय की प्रीतीला अन्यायात आनंद वाटत नाही. क्षमा करणं वेगळं आणि मार खात राहणं वेगळं. तुमच्या मननात असं नाव आलं, शेजारी, मंडळीतली कोणी, स्वतःची मुलगी, तर आजचं काम हे की तिचं ऐकून घ्यायचं, तिला सुरक्षित जागा मिळेल असं बघायचं, आणि १८१ या महिला हेल्पलाइनचा नंबर द्यायचा, लगेच धोका असेल तर ११२. हा लेख ज्यांच्या घरात त्रास आहे त्या बायका पण वाचत असतील, तुमच्यासाठी पण हेच सांगतो, प्रभूला तुमचं दुखणं अर्पण म्हणून नकोय.

शेअर करायचं की नाही? तरुण संघाचा किंवा महिला मंडळाचा ग्रुप असतो, तिथे मनन टाकलं तर दुसऱ्यांना आधार मिळतो, जरूर टाका, पण टाकायच्या आधी नाव आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाका. प्रार्थनेची विनंती म्हणून एखाद्याच्या घरातली गोष्ट पूर्ण मंडळीत पसरते आणि तो माणूस परत चर्चची पायरी चढत नाही, हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे बघितलंय. नावाची वही वेगळी, ती फक्त तुमच्या आणि प्रभूमध्ये. आणि केलेलं काम ग्रुपवर टाकायचं नाही, रेशनची पिशवी घेणाऱ्या म्हाताऱ्या आजीचा फोटो तर अजिबात नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये हे मत्तय ६:३ मध्ये साक्षात प्रभू येशूचं बोलणं आहे.

तुमच्या वहीतली बरीच नावं ख्रिस्ती नसणार, आणि तसंच असायला पाहिजे. आपण पंचवटीत, सिडकोत, देवळालीत राहतो, आजूबाजूला हिंदू, मुस्लिम, बौद्ध शेजारी, त्यांच्याच डब्यातलं आपण खातो. त्यांना मदत करताना मनात कुठलाही सौदा ठेवू नका, मदत झाली की हातात पत्रक द्यायचं असं करू नका. शोमरोन्याने त्या जखमी माणसाला काहीच अट घातली नाही. कोणी आपणहून विचारलं की तुम्ही असं का करता, तर १ पेत्र ३:१५ सांगतं तसं सौम्यपणे आणि आदराने आपल्या आशेबद्दल सांगा, आणि त्याचंही ऐकून घ्या.

कधी कधी वचन समोर असतं पण उदाहरण सुचत नाही, तेव्हा आपल्या गावाकडे बघा. शरणपूर रोडने आपण रोज जातो. एकोणिसाव्या शतकात तिथे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत आणि शाळा होती, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकायची, सुतारकाम, लोहारकाम, वाचन-लेखन. नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या प्रवासात सामील झाला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला तेव्हा त्याच्या सोबतच्या आफ्रिकन माणसांनी त्याचं शव उचलून कित्येक महिने चालत, दीड हजार किलोमीटरच्या आसपास, समुद्रापर्यंत आणलं, आणि १८७४ मध्ये लंडनला त्याच्या अंत्यविधीला जेकब हजर होता. गलती ६:२, एकमेकांची ओझी वाहा, हे वचन आलं की मला शरणपूर आठवतं. ज्यांना लहानपणी गुलाम म्हणून विकलं गेलं त्यांच्यातल्या एकाने हे ओझं वाहण्यात हात दिला, कोणी जबरदस्ती केलेली नव्हती. आज कोणाचं ओझं मला थोडं अंतर उचलता येईल, हा प्रश्न मग अगदी सरळ समोर येतो.

रात्री दोन मिनिटं परत वही उघडा. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाकडे देवासमोर बसून मागे वळून बघायची सवय शिकवली, ती कॅथलिक लोक आजही पाळतात आणि प्रॉटेस्टंटांनी घ्यायला काहीच हरकत नाही. सकाळच्या नावासमोर एक ओळ लिहा, काय झालं. झालं असेल तर धन्यवाद. नाही झालं तर का नाही, विसरलो, वेळ नव्हता, की मुद्दाम टाळलं. विसरलो असेल तर तेच काम उद्याला घ्या. मुद्दाम टाळलं असेल, आणि तेच नाव परत परत टाळलं जात असेल, तर ते एकट्याने सोडवायचं नाही, पाळकांशी, फादरांशी किंवा विश्वासातल्या मोठ्या माणसाशी बोला.

घरात कौटुंबिक प्रार्थना होत असेल तर हे तिथे आणायला सोपं आहे. मुलांना वचनाचा अर्थ काय असं विचारू नका, ती घाबरतात. "आज शाळेत एकटं कोण बसलं होतं" असं विचारा, नाव लगेच सांगतात, आणि उद्या डबा त्याच्याशेजारी बसून खायचा हे पण त्यांचं त्यांनाच सुचतं. आजी-आजोबांना लिहायला दिसत नसेल तर त्यांनी बोलावं आणि नातवाने मोबाईलवर रेकॉर्ड करावं, त्यांच्या मननात जी माणसं येतात ती आपल्याला माहीत पण नसतात.

आणि असे दिवस येतात की काहीच सुचत नाही, मन कोरडं असतं, घरात मयत झालेली असते, नोकरी गेलेली असते. त्या दिवशी ओढूनताणून आनंदाचं लिहू नका. स्तोत्र १३ घ्या, सहाच वचनं आहेत आणि सुरुवातच "किती वेळ, प्रभू" अशी आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळ पण नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. त्या दिवशी फक्त वचन उतरवून काढा आणि नावाच्या जागी स्वतःचं नाव लिहा, आजचं काम म्हणजे कोणाला तरी फोन करून सांगायचं की मला आज बरं वाटत नाहीये, माझ्यासाठी प्रार्थना कर. दुसऱ्याला आपल्यावर प्रीती करू देणं हे पण त्यातच येतं.

सोमवारपासून सुरू करायचं असेल तर पहिला आठवडा असा घ्या. इथे चार-चार वचनं मोजत बसू नका, जिथे विचार पूर्ण होतो तिथे थांबा. याकोब १:१-४ सोमवारी, संकटं आणि धीर. मंगळवारी ५-८, शहाणपण कमी पडतं तिथे देवाकडे मागणं. बुधवारी ९-११, गरीब आणि श्रीमंत, या दिवशी पैशाशी संबंधित काम निवडा. गुरुवारी १२-१५, मोह. शुक्रवारी १६-१८, प्रत्येक चांगलं दान वरून येतं, ज्या माणसाच्या हातून ते तुमच्यापर्यंत आलं त्याला थँक्यू म्हणा. शनिवारी १९-२१, ऐकायला लवकर, बोलायला आणि रागाला सावकाश, हे घरातल्या माणसासाठीच ठेवा कारण शनिवारी सगळे घरी असतात. रविवारी लिहायला सुट्टी, उपासनेत जे वचन वाचलं जाईल ते लक्ष देऊन ऐका, आणि चर्चच्या आवारात ज्याच्याशी कोणी बोलत नाहीये त्याच्याशी जाऊन बोला.